रहिवासी, आडनाव आणि चित्रकार : 'वेरोनेझे' ते 'बदलापूरकर'

प्रास्ताविक

गावाच्या नावावरून तेथील माणसाला ओळखण्याची सोय बहुतेक भाषांत असते. पुण्यात राहणारा तो पुणेकर, नागपुरात राहणारा तो नागपूरकर. ही सोय इतकी सवयीची झाली आहे, की तिच्याकडे भाषिक घटना म्हणून आपण क्वचितच पाहतो. पदवीच्या वर्गात प्रत्ययघटित शब्द शिकविताना प्रस्तुत लेखिकेने '-कर' या प्रत्ययाची उदाहरणे विचारली असता विद्यार्थ्यांनी ठाणेकर, मुंबईकर, कोल्हापूरकर असे शब्द सांगितले, तसेच वर्गातील काही मुलांची आडनावेही सांगितली. त्यावर उल्हासनगरात जन्मलेल्या एका सिंधीभाषक विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, माझे आडनाव '-आणी'ने संपते. मग मी उल्हासनगरकर आहे की नाही?" प्रश्न साधा होता. मात्र त्याचे उत्तर देण्यासाठी एकाच प्रत्ययाने बनलेल्या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली म्हणजे रहिवासीवाचक सामान्यनाम आणि दुसरी म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेले आडनाव.

एकच शब्द शहराच्या सर्व रहिवाशांचा वाचक असणे आणि त्याच वेळी एका विशिष्ट व्यक्तीचे नाव असणे, ही केवळ मराठीतील घटना नाही. युरोपीय कलेच्या इतिहासात तिचे प्रसिद्ध उदाहरण आढळते. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणापासून आरंभ करून मराठीतील '-कर' प्रत्ययाचे कार्य स्पष्ट करण्याचा आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग वसलेल्या शहरांच्या संदर्भात त्याचा अर्थ तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) रहिवासीवाचक शब्दाचे विशेषनामात रूपांतर कोणत्या परिस्थितीत होते, हे पाहणे.
२) मराठीतील '-कर' प्रत्ययाची रचना व व्याप्ती स्पष्ट करणे.
३) स्थलांतरितांच्या शहरांत हा प्रत्यय कोणाला लागू होतो, याचा विचार करणे.

'वेरोनेझे' : शहरातील सर्वजण आणि एक चित्रकार

इटलीच्या उत्तर भागातील वेरोना हे शहर शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटमुळे आपल्या वाचकांस परिचित आहे. इटालियन भाषेत वेरोनाच्या रहिवाशास 'वेरोनेझे' म्हणतात. कलेच्या इतिहासात मात्र हा शब्द उच्चारताच एकच व्यक्ती डोळ्यांपुढे येते. ती म्हणजे पाओलो काल्यारी (१५२८-१५८८). दगड घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा वेरोनात जन्मला, तेथेच चित्रकला शिकला आणि १५५० नंतरच्या दशकात व्हेनिसला स्थायिक झाला. 'काना येथील विवाह' हे त्याचे भव्य चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १५७३ मध्ये त्याने काढलेल्या येशूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात विदूषक, सैनिक, कुत्रा असे प्रसंगाशी विसंगत वाटणारे तपशील असल्याने धर्मन्यायालयाने त्याची चौकशी केली. त्याने चित्राचे शीर्षक बदलून 'लेवीच्या घरची मेजवानी' असे केले आणि वादावर पडदा पडला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पाओलो वेरोनात राहिला असता तर त्याला 'वेरोनेझे' म्हणण्याचे प्रयोजनच उरले नसते. जेथे सगळेच वेरोनेझे, तेथे त्या शब्दाने एकास दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही. त्या शब्दाला ओळख पटविण्याची शक्ती आली ती व्हेनिसमध्ये. वेरोना त्या काळी व्हेनिसच्या सत्तेखाली होते, तरीही व्हेनिसच्या चित्रकारांच्या वर्तुळात पाओलो हा 'वेरोनाहून आलेला' होता. म्हणजेच गावाचे नाव माणसाला चिकटते ते गाव सोडल्यानंतर.

प्रबोधनकालीन इटलीत अशी अनेक उदाहरणे आढळतात. पेरूजिनो म्हणजे 'पेरूजा शहराचा'. परंतु पिएत्रो वान्नुच्ची या चित्रकाराचा जन्म पेरूजात झालेला नसून त्या प्रदेशातील चित्ता देल्ला पिएवे या लहान गावी झाला होता. परक्या ठिकाणी लहान गावाचे नाव कोणास ठाऊक नसते, म्हणून जवळच्या मोठ्या शहराचे नाव पुढे केले जाते. वांगणीचा मनुष्य नागपुरास गेला की आपण मुंबईकडचे असे सांगतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पार्मिजानिनो म्हणजे 'पार्मा शहराचा लहानगा'. कोरेज्जो या चित्रकाराच्या बाबतीत तर प्रत्ययही न लागता गावाचे नावच माणसाचे नाव झाले. लिओनार्दोच्या नावातील 'दा विंची' याचा अर्थही 'विंची गावचा' एवढाच आहे.

सर्वच टोपणनावे गावावरून आलेली नाहीत. तिंतोरेत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराचे वडील कापड रंगविण्याचा व्यवसाय करीत. त्यावरून 'लहान रंगारी' या अर्थाचे त्याचे नाव पडले. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री हे 'बाबूराव पेंटर' झाले. गाव, धंदा आणि पूर्वज या तीन गोष्टींपैकी एकीवरून माणसाची ओळख ठरविण्याची ही रीत सर्वत्र सारखीच आहे.

'-कर' प्रत्ययाची रचना

मराठीत रहिवासीवाचक शब्द बनविण्याचे प्रमुख साधन म्हणजे '-कर' हा प्रत्यय. त्याच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. 'करणारा' या अर्थाच्या संस्कृत 'कर' शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. त्याचप्रमाणे 'त्याचा, त्याच्याशी संबंधित' हा अर्थ दाखविणाऱ्या प्राकृतातील 'केर' या प्रत्ययाकडेही लक्ष वेधले जाते. अर्थाच्या दृष्टीने दुसरा संबंध अधिक जवळचा वाटतो, कारण पुणेकर हा पुणे 'करणारा' नसून पुण्या'चा' असतो. कोकणीत याच अर्थाने '-कार' हे रूप वापरले जाते. 'गोंयकार' हा शब्द सर्वपरिचित आहे.

रचनेच्या दृष्टीने काही बाबी नोंदविण्यासारख्या आहेत. विभक्तिप्रत्यय लागताना मराठी नामाचे सामान्यरूप होते. उदाहरणार्थ, पुणे : पुण्याला, ठाणे : ठाण्यात. '-कर' लागताना मात्र असे होत नाही. आपण 'पुण्याकर' म्हणत नाही, 'पुणेकर' म्हणतो. आकारान्त नावांत शेवटचा स्वर लोपतो किंवा बदलतो. साताऱ्याचा तो सातारकर, तर गोव्याचा तो गोवेकर. 'पूर'ने संपणाऱ्या नावांत दीर्घ ऊकार कायम राहतो. नागपूरकर, सोलापूरकर, बदलापूरकर ही रूपे त्याची साक्ष देतात. याउलट '-ई' प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, जसे नागपुरी, सोलापुरी.

'-कर' आणि '-ई' या दोन प्रत्ययांत मराठीने कामाची वाटणीही केली आहे. वस्तू, चव, रीत यांना बहुधा '-ई' लागतो. म्हणून कोल्हापुरी चप्पल, सोलापुरी चादर, नागपुरी संत्री. माणसाला '-कर' लागतो. म्हणून कोल्हापूरकर, सोलापूरकर, नागपूरकर. प्रदेशाच्या नावावरून माणसाला ओळखताना मात्र '-ई' चालतो, जसे वऱ्हाडी, खानदेशी. इटालियन भाषेत 'वेरोनेझे' हा एकच शब्द माणूस आणि वस्तू दोहोंसाठी वापरता येतो. मराठीने माणसासाठी वेगळा प्रत्यय राखून ठेवला, आणि म्हणूनच तो आडनाव होण्यास अधिक सोयीचा ठरला, असे म्हणता येईल.

आडनाव गाव सोडल्यावर जन्मते

वेरोनेझेच्या बाबतीत जे तत्त्व दिसले तेच '-कर' आडनावांना लागू पडते. होळ गावातील प्रत्येक कुटुंब 'होळकर' म्हणून ओळखले गेले नाही. नीरेच्या काठच्या त्या गावाचे मल्हारराव बाहेर पडले, माळव्यात सत्ताधीश झाले आणि 'होळकर' हे राजघराण्याचे नाव झाले. मूळ गावात राहिलेल्यांची ओळख सामान्यतः वतनावरून किंवा व्यवसायावरून होत असे. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, जोशी, सुतार, लोहार ही आडनावे 'काय करतो' या प्रश्नाचे उत्तर देतात. '-कर' हे आडनाव 'कोठला' या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि हा प्रश्न परक्या गावीच विचारला जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांच्या घराण्याचे कुलनाम सकपाळ; मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. बाबासाहेबांचा जन्म आंबडवे येथे झालेला नसून महू येथील लष्करी छावणीत झाला, आणि शिक्षणाचा आरंभीचा काळ साताऱ्यात गेला. आडनाव कोकणाकडे बोट दाखविते, जन्मस्थान माळव्यात आहे आणि शाळा पश्चिम महाराष्ट्रात आहे. आधुनिक काळात शाळेचा दाखला, नोकरीची नोंद व सरकारी कागदपत्रे यांनी आडनाव स्थिर केले. पूर्वी गाव बदलले की ओळखही बदलू शकत असे. कागदावर आल्यानंतर ती पुढच्या पिढ्यांसाठी कायम झाली.

'-कर' या प्रत्ययाची आणखी एक विशेषता अशी, की तो कोणत्याही एका जातीचा किंवा धर्माचा नाही. ब्राह्मण, सारस्वत, मराठा, दलित अशा अनेक समाजांत ही आडनावे आढळतात. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल ज्यू समाजाने आपली आडनावे याच पद्धतीने घेतली. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांपैकी काही होत. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या आडनावात किहीम हे अलिबागजवळचे गाव आहे. या समाजातील बहुसंख्य कुटुंबे पुढे इस्राएलला गेली. तेथील दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत ही मराठी आडनावे पोहोचली आणि कुलाबा किनाऱ्यावरील लहान गावांची नावे भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत गेली. कोकणी मुसलमानांतही '-कर' आडनावे रूढ आहेत. गावात राहणारा तो गावचा, एवढाच या प्रत्ययाचा मूळ निकष होता, असे यावरून दिसते.

कलावंत आणि गावाचे नाव

प्रबोधनकालीन चित्रकारांप्रमाणे आपल्याकडील कलावंतही गावाच्या नावाने ओळखले गेले. तमाशाच्या फडांत ही परंपरा ठळक आहे. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर यांच्या नावात वाई आहे. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, परंतु भाऊ-बापू मांग नारायणगावकर या घरच्या फडामुळे त्या नारायणगावकर झाल्या. कांताबाई सातारकर गुजरातेत जन्मल्या, साताऱ्यात वाढल्या आणि संगमनेरला स्थायिक झाल्या. नाव मात्र साताऱ्याचे राहिले. फड गावोगाव हिंडणारा असतो. यात्रेत जमलेल्या प्रेक्षकाला फड कोठला हे कळणे ही व्यवसायाची गरज होती. वारकरी संप्रदायातील देहूकर, आजरेकर, सातारकर या फडांच्या नावांमागेही हेच कारण संभवते. अलीकडच्या काळातील नामवंत कीर्तनकार बाबामहाराज सातारकर (१९३६-२०२३) यांचे मूळ आडनाव गोरे होते. संगीताच्या क्षेत्रात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर ही गुरुशिष्यांची जोडी गावांच्याच नावांनी अजरामर झाली.

चित्रकारांत 'वेरोनेझे'शी थेट तुलना करता येईल असे नाव म्हणजे दत्तात्रय दामोदर देवळालीकर. इंदूरच्या कलाशाळेचे हे गुरू, ना. श्री. बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन यांसारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकले. 'देवळालीकर' म्हणजे देवळालीचा कोणीही रहिवासी. कलेच्या इतिहासात मात्र तो शब्द इंदूरच्या एका चित्रकाराचे नाव आहे. होळकरांच्या त्या संस्थानी राजधानीत मराठी कुटुंबे येऊन वसली आणि महाराष्ट्रातील गावांची नावे बरोबर घेऊन आली. त्याच इंदुरात विष्णू चिंचाळकर हे चित्रकारही नावारूपास आले. मुंबईत एम. आर. आचरेकर (१९०७-१९७९) यांनी चित्रकार म्हणून आणि 'आवारा' (१९५१) सारख्या चित्रपटांचे कलादिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळविली. त्यांच्या नावात मालवण तालुक्यातील आचरे गाव आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. आडनावातील गाव ओळखू आले म्हणजे कुळाचा इतिहास कळला, असे नव्हे. महाराष्ट्रात एकाच नावाची अनेक गावे आहेत. नाशिकजवळ देवळाली आहे, तशीच राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा आहे. देवदेवतांच्या चित्रांमुळे व मासिकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी पोहोचलेले चित्रकार रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) हे गोव्याचे. गोव्यात डिचोली तालुक्यात मुळगाव आहे. बदलापूरजवळही खंडोबाच्या स्थानामुळे प्रसिद्ध असलेले मुळगाव आहे. बदलापूरच्या एखाद्या वाचकास मुळगावकर हे आपल्या शेजारचेच वाटले तर नवल नाही. परंतु केवळ शब्दसाम्यावरून असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आडनाव हा पुराव्याचा आरंभ असू शकतो, शेवट नव्हे.

त्याचप्रमाणे शहराचे नाव बदलले तरी आडनाव बदलत नाही. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. रहिवाशांसाठी नवा शब्द रुळू शकेल, परंतु 'नगरकर' हे आडनाव तसेच राहील. कादंबरीकार किरण नगरकर (१९४२-२०१९) यांचा तर जन्मही मुंबईचा होता.

तीन शहरे, तीन उत्तरे

आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्याकडे वळू. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने येतात. प्रवासाचे अंतर थोडे असले तरी या शहरांचे घडणे वेगवेगळे आहे.

उल्हासनगर हे फाळणीतून जन्मलेले शहर होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीचे ते नाव आहे. आजही येथील रहिवासी पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच सांगतात. सिंधी आडनावांतील '-आणी' हा अंत्य घटक पूर्वजाच्या नावाला जोडलेला असतो. म्हणजे मराठी '-कर' हा 'कोठला' याचे उत्तर देतो, तर सिंधी '-आणी' हा 'कोणाचा वंशज' याचे उत्तर देतो. सिंधी समाजात गावावरून ओळखण्याची रीत नाही असे नव्हे. शिकारपुरी, हैदराबादी हे शब्द सिंधमधील शहरांवरून आले आहेत. उल्हासनगरात 'हैदराबादी' म्हटले की दक्षिणेतील हैदराबाद नव्हे, तर सिंधमधील हैदराबाद अभिप्रेत असते. जे शहर पुन्हा पाहता आले नाही त्याचे नाव पुढच्या पिढ्यांनी जपले आहे.

अंबरनाथचे नाव मंदिरावरून आले आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले येथील शिवमंदिर महाराष्ट्रातील प्राचीन मंदिरवास्तूंपैकी एक महत्त्वाची वास्तू आहे. स्वातंत्र्योत्तर काळात शस्त्रनिर्मितीचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत यांमुळे भारताच्या अनेक प्रांतांतील कामगार येथे आले. मंदिर हजार वर्षांचे असले तरी 'अंबरनाथकर' म्हणविणारे बहुसंख्य लोक गेल्या काही पिढ्यांतच येथे वसले आहेत.

बदलापूरची कथा तिसरी आहे. नगरपरिषदेचे नाव 'कुळगाव-बदलापूर' असे जोडनाव असले, तरी कुळगावात राहणाराही स्वतःस बदलापूरकरच म्हणवितो. पेरूजिनोच्या बाबतीत जे झाले तेच येथे स्थानकाच्या नावाने केले. मुंबईत घर घेणे परवडेनासे झालेली कोकणातील, घाटावरची आणि मुंबईच्या चाळींतील अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांच्यापैकी अनेकांच्या आडनावात आधीच एक गाव आहे. आडनाव एका गावचे, नोकरी दुसऱ्या शहरात आणि घर बदलापुरात, अशी त्रिस्थळी ओळख घेऊन हा माणूस रोज लोकल गाडीने प्रवास करतो. तुलनेने उल्हास खोऱ्यातील जुन्या गावांत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आगरी-कोळी समाजात म्हात्रे, भोईर, पाटील अशी आडनावे प्रामुख्याने आढळतात. जे येथलेच आहेत त्यांना येथल्या नावाच्या आडनावाची गरज पडली नाही. वर मांडलेल्या तत्त्वाचा याहून चांगला पुरावा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

'बदलापूरकर' कोणाला म्हणावे हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, हे २०२४ मध्ये दिसून आले. एका शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराच्या निषेधार्थ २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले आणि अनेक तास रेल्वे वाहतूक बंद राहिली. त्यानंतर आंदोलकांतील बहुसंख्य बाहेरचे होते, स्थानिक थोडेच होते, असे विधान राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केले. त्याच्या राजकीय बाजूची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. भाषेच्या अभ्यासकाने एवढेच नोंदवावे, की ज्या शहरातील बहुतेक कुटुंबे कधी ना कधी बाहेरूनच आली, तेथे 'बदलापूरकर' आणि 'बाहेरचे' यांतील सीमा कशी आखायची, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्यक्ष रस्त्यावर आला. माणसाच्या म्हणण्याला किती वजन द्यायचे, हे तो त्या गावचा आहे की नाही यावर ठरविले जात असेल, तर हा तीन अक्षरांपेक्षाही लहान प्रत्यय नागरिकत्वाचा निकष बनतो.

याच शहरांत उल्हास नदीला पूर आला, की दुसऱ्या बाजूचा अनुभव येतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. प्रवाशांची सुटका करण्यासाठी आपत्ती निवारण दलाबरोबर परिसरातील लोकही धावून गेले. मदत करणाऱ्याचे आडनाव काय, त्याचे मूळ गाव कोणते, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रहिवासीवाचक शब्द व्यक्तीचे नाव होतो तो बहुधा ती व्यक्ती आपले गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर. 'वेरोनेझे' व्हेनिसमध्ये घडला, 'देवळालीकर' इंदुरात नावारूपास आला.

२) मराठीतील '-कर' प्रत्यय दोन कामे करतो. आडनावातील '-कर' भूतकाळाकडे पाहतो, वंशपरंपरेने मिळतो आणि बाहेरच्यास बंद असतो. रहिवासीवाचक '-कर' वर्तमानकाळाकडे पाहतो आणि तेथे राहणाऱ्या प्रत्येकास खुला असतो.

३) आडनावातील '-कर'ही मुळात जातिधर्मनिरपेक्ष होता. बेने इस्राएल समाजाची आडनावे याची साक्ष देतात. म्हणून एखाद्यास त्याच्या भाषेमुळे किंवा आडनावामुळे शहराच्या '-कर'पासून दूर ठेवणे हे या प्रत्ययाच्या इतिहासाशी विसंगत आहे.

४) आडनावावरून कुळाचे मूळ ठरविताना समान नावांच्या गावांमुळे चूक होण्याचा संभव असतो, अन्य पुराव्यांची जोड आवश्यक असते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. तिचे आडनाव तिच्या पूर्वजाचे नाव सांगते. ती कोठे राहते हे ते सांगत नाही. ते सांगण्यासाठी मराठीने वेगळा शब्द ठेवला आहे, आणि तो वापरण्यास कोणत्याही दाखल्याची आवश्यकता नाही. ती उल्हासनगरकर आहे. उद्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली, की तेथील लोक तिला प्रथम याच नावाने ओळखतील.